हिरड्यांचें आरोग्य : दांतांचा पाया

आमच्या खेड्यापाड्यांत शरीराच्या काळजीविषयीं बोलणें निघालें म्हणजे दांतांची गोष्ट बहुधा शेवटीं येते, आणि हिरड्यांची तर येतच नाहीं. दाढ ठणकूं लागली, गाल सुजला, म्हणजे मनुष्य धांवाधांव करतो. परंतु हिरडी लाल झाली, चूळ भरतांना पाणी गुलाबी दिसलें, किंवा तोंडास दुर्गंधि येऊं लागली, तर "असें व्हावयाचेंच" असें म्हणून तो स्वस्थ बसतो. पुढें चाळिशी उलटतां उलटतां एकेक दांत हलूं लागतो व हातांत येतो. तो दांत पाहावा तर पुष्कळदां त्यास कीड म्हणून लागलेली नसते. दांत चांगला होता. पाया गेला म्हणून तो गेला.

भिवंडी हें यंत्रमागांचें शहर, आणि भोंवतालचा तालुका भातशेतीचा. मागावर रात्रपाळी करणारा कामगार झोंप उडावी म्हणून तंबाखूची चिमूट ओठाखालीं धरतो; खेड्यांतील गृहिणी पहाटे चुलीपाशीं बसून बोटानें मशेरी लावते. दोघांच्याहि हिरड्या आंतून झिजत असतात, आणि दोघांसहि वाटतें कीं आपलें तोंड ठीक आहे. म्हणून आजच्या धड्यांत आम्हांस मुख्यतः एकच गोष्ट सांगावयाची आहे. हिरडींतून येणारें रक्त हा इशारा आहे. तो वेळीं ऐकला तर दांत वांचतो. दाबून टाकला तर दांत जातो. आमच्या भागांत तो दाबण्याचें मोठें साधन मशेरी हें आहे.

१. हिरडी म्हणजे काय?

दांत हा जबड्यांत खिळ्याप्रमाणें ठोकलेला नसतो. त्याचें मूळ जबड्याच्या हाडांतील खळग्यांत असतें, आणि मूळ व हाड ह्यांच्यामध्यें अतिशय बारीक तंतूंचें जाळें असतें. मागावर ताण्याचे शेंकडों धागे मिळून जसा ओढ सोसतात, तसे हे तंतु मिळून चावण्याचा भार सोसतात. एखादा धागा तुटला म्हणून कापड फाटत नाहीं. परंतु धाग्यामागून धागा तुटत चालला आणि विणकरानें माग थांबविला नाहीं, तर सर्व कापड वायां जातें.

ह्या हाडावर व तंतूंवर जें मऊ आवरण असतें, ती हिरडी. ती दांताच्या गळ्याभोंवतीं पट्ट्यासारखी घट्ट बसलेली असते. दांत व हिरडीची कड ह्यांच्यामध्यें एक उथळ खांच असते. निरोगी तोंडांत तिची खोली १ ते ३ मिलिमीटर इतकीच असते. भातखाचरास जसा बांध, तशी दांतास हिरडी. बांधास खेंकड्यानें लहानसें बीळ पाडलें तर शहाणा शेतकरी त्याच दिवशीं तें बुजवितो. कारण त्यास ठाऊक असतें कीं, आज बोटाएवढें पाणी जातें, तर उद्यां सर्व बांध जाईल.

निरोगी हिरडी घट्ट असते, दोन दांतांमध्यें टोंकदार असते, आणि घासतांना तिच्यांतून रक्त येत नाहीं. तिचा रंग बहुधा फिकट गुलाबी असतो. परंतु सांवळ्या वर्णाच्या लोकांत तिच्यावर काळसर छटा असणें स्वाभाविक आहे, तो रोग समजूं नये. रोगट हिरडी लाल, फुगीर व चकाकणारी दिसते, आणि तिला स्पर्श होतांच रक्त येतें.

२. हिरड्या कां बिघडतात?

दांत घासल्यावर कांहीं तासांतच त्यांवर एक पातळ, चिकट थर जमूं लागतो. सकाळीं उठल्यावर जीभ दांतांवरून फिरविली तर तो बुळबुळीत लागतो. हा थर केवळ अन्नाचा नव्हे. तो मुख्यतः जंतूंचा असतो. हॉलंडमधील लेवेनहुक नांवाच्या गृहस्थानें १६८३ सालीं दांतांवरील असा पांढरा मळ आपल्या भिंगाखालीं धरून पाहिला, तेव्हां त्यांत असंख्य सूक्ष्म जीव वळवळत असल्याचें त्यास दिसलें.

हा थर रोज काढला नाहीं तर लाळेंतील क्षार त्यांत बसून तो दगडासारखा कठीण होतो. त्यासच आपण किटण म्हणतों. खालच्या पुढच्या दांतांच्या आंतल्या बाजूस तें लवकर चढतें, कारण लाळेच्या नलिका तेथें जवळच उघडतात. मऊ थर आपणांस घरीं काढतां येतो. किटण मात्र घांसून निघत नाहीं, तें दंतवैद्यासच काढावें लागतें.

हिरडीच्या कडेशीं साचलेल्या जंतूंमुळें ती सुजते. ही पहिली पायरी होय. येथून पूर्ण बरें होतां येतें. पुढें सूज खोल जाते, हिरडी दांतापासून सुटते, खांचेचा कप्पा बनतो, त्यांत पू होतो, आणि तंतु व हाड नाहींसें होऊं लागतें. ह्या दुसऱ्या पायरीस लोक पायोरिया म्हणतात. गेलेलें हाड बहुतेक वेळां पूर्ववत् भरून येत नाहीं. उपचारानें रोग थांबवितां येतो, एवढेंच. म्हणून पहिल्या पायरीवरच सावध होणें फार महत्त्वाचें आहे.

३. रक्त हा इशारा आहे

हिरडींतून रक्त आलें म्हणजे पुष्कळ लोक घासणेंच सोडतात. "घांसल्यानें हिरडी दुखावते, तिला विसांवा द्यावा," असा त्यांचा समज. हा समज उलटा आहे, हें प्रयोगानें सिद्ध झालें आहे. १९६५ सालीं डेन्मार्क देशांत डॉ. हॅरल्ड लो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं निरोगी हिरड्यांच्या १२ जणांस दांत स्वच्छ करणें मुद्दाम बंद करावयास सांगितलें. दहा दिवसांपासून तीन आठवड्यांच्या आंत त्या सर्वांच्या हिरड्या सुजल्या. मग त्यांस पुन्हां नीट घासावयास लाविलें, तेव्हां सुमारें आठवड्याभरांत हिरड्या पूर्ववत् झाल्या.

ह्यावरून दोन गोष्टी शिकाव्या. निरोगी मनुष्याची हिरडीहि तीन आठवड्यांच्या आळसानें बिघडूं शकते, ही पहिली. आणि जी सूज अद्याप खोल गेलेली नाहीं, ती कांहीं औषध न घेतां, केवळ स्वच्छतेनें बरी होऊं शकते, ही दुसरी. तेव्हां रक्त आल्यास घासणें सोडूं नये. मऊ ब्रशानें, हलक्या हातानें, परंतु त्याच जागीं अधिक काळजीनें घासावें.

४. शेजाऱ्याचा दाखला

असें सांगितलें म्हणजे गांवांत कोणी तरी म्हणतोच कीं, "आमच्या आजोबांनीं जन्मांत ब्रश पाहिला नाहीं, तरी सत्तराव्या वर्षीं ते चणे फोडीत होते." हा आक्षेप खोटा नाहीं, त्यास नीट उत्तर दिलें पाहिजे.

श्रीलंकेंतील चहाच्या मळ्यांवरील ४८० मजुरांच्या तोंडांची तपासणी १९७० सालीं सुरू झाली व १९८५ पर्यंत, पंधरा वर्षें, पुनःपुन्हां करण्यांत आली. ह्या लोकांस दांत स्वच्छ करण्याची संवय नव्हती व दंतवैद्याचा उपचारहि मिळत नव्हता. हिरड्या जवळजवळ सर्वांच्याच सुजलेल्या होत्या. त्यांपैकीं शेंकडा ८ जणांत रोग फार झपाट्यानें वाढला; शेंकडा ८१ जणांत तो मध्यम गतीनें वाढत गेला; आणि शेंकडा ११ जणांत तो सुजेच्या पुढें गेला नाहीं.

आजोबा त्या अकरांतले होते, असें समजावें. परंतु आपण अकरांतले कीं एकूणनव्वदांतले, हें दांत हलूं लागेपर्यंत कोणासच कळत नाहीं. नदीला पूर आला असतां एक जण पोहून पार गेला, म्हणून सर्व गांवानें उडी घालावी काय?

५. मशेरीविषयीं

आतां ज्या गोष्टीचें आमच्या घरांत सर्वांत अधिक अगत्य आहे, तिच्याकडे वळूं. तंबाखूचीं पानें तव्यावर काळीं होईपर्यंत भाजून केलेली पूड म्हणजे मशेरी. घाटावर तिला मिसरी म्हणतात. दांत साफ करण्याचें साधन म्हणून ती घरांत येते. पुष्कळ बायका प्रथम दाढदुखीसाठीं ती लावूं लागतात. कोणी सासू, कोणी शेजारीण सांगते, बोटावर चिमूट देते. लावतांच डोकें गरगरतें, तोंड झणझणतें, आणि ठणका थोडा कमी वाटतो. मग सकाळची मशेरी दुपारीं लागते, दुपारची रात्रीं लागते. आणि आई लावते म्हणून मुलगीहि लावूं लागते.

ठणका कमी झाला म्हणजे रोग गेला असें नव्हे. तंबाखूमधील निकोटिन ह्या द्रव्यानें बारीक रक्तवाहिन्या आंकुंचन पावतात. तंबाखू ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून, आंत रोग वाढत असतांहि, रक्त कमी येतें, हें दंतवैद्यांस चांगलें ठाऊक आहे. मशेरींतहि तेंच निकोटिन असतें. ज्या जागीं तंबाखू रोज धरली वा चोळली जाते, त्या जागची हिरडी मागें हटते, दांताचें मूळ उघडें पडतें, आणि थंड पाणी लागतांच कळ येते. कळ आली म्हणून ती बाई आणखी मशेरी लावते. पहारेकऱ्यानें हांक मारली असतां त्याचेंच तोंड बांधावें, आणि मग "आज कांहीं आवाज नाहीं" म्हणून निश्चिंत निजावें, तसें हें आहे.

ह्याहून गंभीर गोष्ट कर्करोगाची. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत दंतसंशोधनाचा एक विभाग होता. त्याचे प्रमुख डॉ. फली मेहता व त्यांचे सहकारी ह्यांनीं पुणे जिल्ह्यांतील खेड्यांत घरोघर जाऊन १,०१,७६१ ग्रामस्थांचीं तोंडें तपासलीं, व तो वृत्तांत १९७२ सालीं प्रसिद्ध झाला. तोंडाचा कर्करोग व त्याच्या आधीं उठणारे चट्टे ह्यांचा तंबाखूच्या व्यसनाशीं निकट संबंध आहे, हें अशा कामामुळें आपल्याच लोकांच्या तोंडांवरून स्पष्ट झालें.

आणि पोटांतील बाळाचें काय? त्याच संस्थेंत काम केलेले डॉ. प्रकाश गुप्ता व त्यांच्या सहकारी बाईंनीं मुंबईतील १,२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी करून २००४ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. धूर न काढतां तंबाखू वापरणाऱ्या त्या स्त्रियांत मशेरी लावणाऱ्याच अधिक होत्या. त्यांच्या बाळांचें वजन इतर बाळांपेक्षां सरासरीनें १०५ ग्रॅम कमी भरलें, आणि अशीं बाळें दिवस भरण्यापूर्वीं जन्मण्याचें प्रमाणहि अधिक आढळलें. अशक्त आईच्या लहान बाळास शंभर ग्रॅम ही थोडी गोष्ट नव्हे.

भारत सरकारनें १९९२ सालीं दंतमंजनांत व टूथपेस्टमध्यें तंबाखू घालण्यास मनाई केली, आणि महाराष्ट्र शासनानें २०१२ सालीं गुटखा व पानमसाला ह्यांवर बंदी घातली. परंतु चुलीवर भाजलेल्या मशेरीस कायदा कसा पोंचणार? तेथें पोंचेल तर घरांतील शहाण्या माणसाचा शब्दच पोंचेल. आणि तो शब्द फुकट जात नाहीं. केरळ, आंध्र व गुजरात येथील तीन जिल्ह्यांत सुमारें ३६,००० तंबाखू वापरणाऱ्या ग्रामस्थांस वरील संशोधकांनीं तंबाखू सोडण्याविषयीं वारंवार समजावलें. त्यामुळें पुष्कळांनीं तंबाखू सोडली किंवा कमी केली, व तोंडांत नवे पांढरे चट्टे उठण्याचें प्रमाण घटलें.

"मशेरी लावल्यावांचून पोट साफ होत नाहीं," असें पुष्कळ बायका सांगतात. हा संवयीचा परिणाम आहे. सकाळीं उठतांच एक तांब्या कोमट पाणी प्यावें, थोडें चालावें, जेवणांत पालेभाजी असावी. कांहीं दिवसांत शरीर आपला क्रम धरतें. आरंभींचे दिवस डोकें दुखतें, चिडचिड होते, हें खरें. त्या दिवसांत घरच्यांनीं तिला टाकून बोलूं नये, तर सांभाळून घ्यावें. व्यसन सोडण्यासाठीं सल्ला देणारी राष्ट्रीय दूरध्वनि सेवाहि आहे. तिचा क्रमांक १८००-११-२३५६ असून तीस पैसे पडत नाहींत.

६. कोणीं विशेष जपावें?

गरोदर स्त्रीच्या हिरड्या शरीरांतील बदलांमुळें लवकर सुजतात व त्यांतून रक्त येतें. "गरोदरपणीं तोंडास हात लावूं नये" हा समज चुकीचा आहे. त्या काळांत दांत अधिक काळजीनें घासावे, व गरज पडल्यास दंतवैद्यास आपण गरोदर आहों असें सांगून उपचार घ्यावा.

मधुमेह असलेल्या मनुष्यानें दुप्पट जपावें. रक्तांत साखर वाढली असतां हिरड्यांचा रोग बळावतो, आणि हिरड्यांत पू असतां साखर आटोक्यांत राहणें कठीण जातें. दोन्ही दुखणीं एकमेकांस हात देतात. म्हणून उपचारहि दोहोंचा करावा.

जेवणांत ताजीं फळें व भाज्या अजिबात नसल्यासहि हिरड्या फुगतात व त्यांतून रक्त येतें. पूर्वीं लांबच्या सफरीवर जाणाऱ्या खलाशांस हा रोग होई. १७४७ सालीं जेम्स लिंड ह्या ब्रिटिश आरमारी वैद्यानें संत्रीं व लिंबें देऊन असे रोगी बरे होतात हें दाखविलें. आवळा, पेरू, लिंबू हीं तर आपल्याच परसांतलीं फळें आहेत.

७. रोज काय करावें?

पहिलें, दांत दिवसांतून दोन वेळां घासावे. रात्रीं निजण्यापूर्वींची वेळ कधींहि चुकवूं नये, कारण झोंपेंत लाळ कमी सुटते व जंतूंस मोकळें रान मिळतें.

दुसरें, ब्रश मऊ केसांचा असावा. तो हिरडीच्या कडेशीं तिरपा धरून, जागच्या जागीं हलक्या हातानें हालवीत पुढें जावें. करवतीसारखा आडवा ओढूं नये. बाहेरची, आंतली व चावण्याची, अशा तिन्ही बाजू घासण्यास सुमारें दोन मिनिटें लागतात. केस वांकडे झाले, अथवा तीन महिने झाले, म्हणजे ब्रश बदलावा. एकाचा ब्रश दुसऱ्यानें वापरूं नये.

तिसरें, ब्रश नसेल तर कडुनिंबाचें वा बाभळीचें ताजें दांतवण चालेल; मात्र टोंक चावून मऊ कुंचल्यासारखें करावें व हिरडीवर घांसटूं नये. राखुंडी, कोळसा, विटेची पूड व वाळू हीं वापरूं नयेत. त्यांनीं दांत क्षणभर पांढरे दिसतात, परंतु वरचें कठीण कवच झिजतें व हिरडी सोलवटते. फ्लोराइड असलेली साधी टूथपेस्ट वाटाण्याएवढी घेतली तरी पुरे. महाग नळीची गरज नाहीं.

चौथें, जेवणानंतर चूळ खळखळून भरावी. सुईनें किंवा तारेनें दांत कोरूं नयेत.

८. दंतवैद्याकडे केव्हां जावें?

दोन आठवडे नीट घांसूनहि रक्त थांबत नसेल, हिरडींतून पू येत असेल, दांत हलत असेल, किंवा किटण चढलें असेल, तर विलंब करूं नये. तोंडांत न पुसला जाणारा पांढरा वा लाल चट्टा असेल, दोन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, किंवा तोंड पूर्वींसारखें उघडत नसेल, तर तपासणी ताबडतोब करून घ्यावी.

"किटण काढलें कीं दांत सैल होतात" अशी भीति पुष्कळांस असते. वस्तुतः हिरडी व हाड आधींच मागें गेलेलें असतें. त्या जागीं किटण भरून राहिल्यामुळें दांत घट्ट वाटतो. तें काढल्यावर खरी स्थिति दिसते, सूज उतरते व फटी उघड्या पडतात. मोडक्या भिंतीस टेंकलेला कचरा काढला म्हणून भिंत मोडली, असें कोणी म्हणत नाहीं. उलट तो काढल्यावांचून हिरडीस पुन्हां दांतास बिलगतां येत नाहीं.

चौकशी प्रथम जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत किंवा भिवंडी येथील इंदिरा गांधी स्मृति उपजिल्हा रुग्णालयांत करावी. मोठ्या उपचारासाठीं मुंबईस जावें लागल्यास तेथें दोन जुनीं सार्वजनिक दंतमहाविद्यालयें आहेत: एक १९३३ सालीं स्थापन झालेलें नायर रुग्णालयाचें, मुंबई सेंट्रल स्टेशनाजवळ, दुसरें शासकीय, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारांत, छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस स्टेशनापासून पायीं जाण्याजोगें. रस्त्याच्या कडेस बसून दांत काढणाऱ्याच्या हातीं मात्र तोंड देऊं नये.

शिकविणाऱ्यांस सूचना

उपदेशक व शिक्षक बंधूंनीं हा धडा संध्याकाळच्या वर्गांत केवळ वाचून दाखवूं नये. एक ब्रश व एक दांतवण बरोबर न्यावें, घासण्याची रीत करून दाखवावी, आणि प्रत्येकास आरशांत आपली हिरडी पाहूं द्यावी. भगिनींचा वर्ग निराळा घ्यावा व तो एखाद्या भगिनीनेंच चालवावा, म्हणजे मशेरीची गोष्ट संकोचावांचून निघेल. जी बाई मशेरी लावते तिला चारचौघींत लाजवूं नये. तिनें ती बहुधा दुखण्यापोटीं धरलेली असते, हें ध्यानांत ठेवून प्रथम तिचें दुखणें विचारावें. आणि जो स्वतः कमरेला तंबाखूची चंची बाळगतो, त्यानें हा धडा शिकविण्यापूर्वीं ती सोडावी. कारण गांव आपले शब्द ऐकण्यापूर्वीं आपला ओठ पाहतो.

उजळणीसाठीं प्रश्न

१. दांतास कीड नसतांहि तो कां पडतो?
२. हिरडींतून रक्त आल्यास घासणें सोडावें कीं चालू ठेवावें? कारण सांगा.
३. श्रीलंकेंतील मजुरांच्या तपासणीवरून आपण काय शिकतों?
४. मशेरीनें ठणका कमी वाटतो, तरी ती घातक कां?
५. गरोदर स्त्रीनें व मधुमेही मनुष्यानें हिरड्यांस विशेष कां जपावें?
६. तुमच्या घरांत आज रात्रीं कोणाची हिरडी पाहावयाची आहे?